तिसरा दर्जा

पिलसुनचा नवरा इस्पितळात पडून होता त्याला चौदा महिने झाले होते. त्यातले बारा महिने त्याला तिथं ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हे खुद्द डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पानगिलला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दुसऱ्या महिन्यातच डॉक्टरांनी पिलसुनला बाजूला घेऊन म्हटलं, "आजी, आमच्या हातात होतं तेवढं झालं. गोळ्या काय, घरीही देता येतील. घरी कोण आहे?"

"मी आहे की," पिलसुन म्हणाली.

डॉक्टरांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वय अठ्ठ्याहत्तर, पाठीला बाक, गुडघे बाहेर वाकलेले. कोरियाच्या दक्षिण टोकाला, गोहंगच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या चिखलात एक गुडघा फळीवर टेकायचा, दुसऱ्या पायानं फळी रेटायची आणि कोपरापर्यंत हात घालून शिंपल्या काढायच्या. चाळीस वर्षं हे केलेल्या बाईचे गुडघे दुसरे कसे असणार? आणि पानगिल म्हणजे हाडापेरानं दणकट माणूस. आजारी पडूनही त्याचं वजन तिच्या दीडपट होतं.

"राहू दे मग इथंच," डॉक्टर म्हणाले.

तसा तो राहिला. खोलीत सहा खाटा, सहा म्हातारे, आणि सहाही जणांची गत तीच. दुखणं संपलेलं, पण उचलायला घरी कोणी नाही. पिलसुन रोज सकाळच्या पहिल्या बसनं तालुक्याला यायची. डब्यात तांदळाची पेज, वर बारीक चिरलेली कोवळी किमची, म्हणजे आंबवलेला कोबी. त्याला भरवायची, तोंड पुसायची, कुशीवर वळवायचा प्रयत्न करायची आणि शेवटी नर्सला हाक मारायची. दुपारी परतताना बसथांब्याशेजारच्या दवाखान्यात माडीवर चढायची आणि गुडघ्यांवर गरम शेकाच्या पिशव्या घेऊन अर्धा तास आडवी व्हायची. तिथं आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या ओळीनं झोपलेल्या असायच्या. निम्म्या दुखण्यासाठी यायच्या, निम्म्या बोलायला.

तिच्या डाव्या डोळ्यावर तीन वर्षांपासून धुकं होतं. आता उजव्यावरही येऊ लागलं होतं. शेकाच्या खोलीतल्या बायका म्हणायच्या, "अगं, मोतीबिंदू आहे तो. शहरात जाऊन काढून ये." ती म्हणायची, "दोन दिवस यांच्याकडं कोण बघेल?" आणि विषय तिथंच मिटायचा.

त्या वर्षी सरकारनं म्हाताऱ्यांच्या देखभालीचा नवा विमा सुरू केला. पिलसुनला त्यातलं काही कळलं नव्हतं. कळलं ते तिच्या मुलाला. तेशिक दूर इंचनला कारखान्यात होता. तो एका शनिवारी अर्ज घेऊन आला, आईचा अंगठा घेतला आणि म्हणाला, "तपासायला बाई येईल. बाबा किती परावलंबी आहेत ते बघून दर्जा देतात. पहिला किंवा दुसरा मिळाला की आमच्याजवळच्या वृद्धसेवागृहात जागा मिळते. टेकडीवर आहे, स्वच्छ आहे. मी जाऊन बघून आलोय."

"इंचनला? आणि मी?"

"तू आमच्याकडं ये ना, आई."

 सुनेच्या तेराव्या मजल्यावरच्या घरात पिलसुन एकदा आठ दिवस राहिली होती. तिथं खिडकीतून खाली बघितलं की तिला भोवळ यायची आणि बंद केली की जीव गुदमरायचा.

तपासणीस बाई आली ती तिशीच्या आतलीच होती. हातात कागदांची पाटी, आवाज मऊ. खाटेशी बसून तिनं विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

पिलसुन बाजूला उभी होती. तिला ठाऊक होतं, याला वार सोडा, सकाळ आहे का दुपार हेही धड सांगता येत नाही. विचारलं तर नुसता घशातून आवाज काढतो.

"बुधवार," पानगिल म्हणाला. शब्द लडबडत आला, पण आला.

पिलसुनचे डोळे मोठे झाले.

"छान. आता हात वर करून दाखवता?"

त्यानं डावा हात झटकन उचलला. मग उजवा. तेरा महिने चादरीवर मेल्या माशासारखा पडलेला उजवा हात. त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, कपाळावर घाम आला, ओठ थरथरले, आणि तो हात वीतभर वर आला. तिथं त्यानं तो तोलून धरला. बाईनं कागदावर खूण केली तेव्हा कुठं खाली पडू दिला.

"आधारानं उठून बसता येतं?"

तो बसला. डाव्या हातानं खाटेची कड धरून, दात आवळून, पण बसला.

बाई गेल्यावर पिलसुन त्याच्यावर उखडलीच. "अहो, तेरा महिने माझ्याच्यानं कुशीवर वळवत नाही तुम्हाला, आणि आज परक्या पोरीसमोर पैलवान झालात? लाज वाटत होती तर डोळे मिटून पडायचं! आता ती म्हणणार, हा ठणठणीत आहे, याला काही नको."

पानगिल उशीवर पडून धापा टाकत होता. 

महिन्याभरानं पत्र आलं. तिसरा दर्जा. तेशिक फोनवर ओरडला. "तिसरा! तिसऱ्याला सेवागृह नाही मिळत, आई! अशी कशी तपासणी केली त्यांनी? ज्याला स्वतःची पाठ खाजवता येत नाही त्याला तिसरा?"

"तुझ्या बापालाच विचार," पिलसुन म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिला हसू येत होतं का रडू, तिचं तिलाच समजेना.

पुढचं तिला वॉर्डातल्या थोरल्या नर्सनं समजावून दिलं. तिसऱ्या दर्जाला सेवागृह नसलं तरी दुसरं बरंच काही होतं. शिकलेली मदतनीस रोज चार तास घरी येणार. आठवड्यातून एकदा आंघोळीची गाडी येणार. वर-खाली होणारी खाट आणि खाटेजवळ ठेवायची संडासाची खुर्ची भाड्यानं मिळणार. पिलसुननं ते सगळं दोनदा ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे यांना उचलायला माणूस येणार? माझ्या घरी?"

"येणार."

"रोज?"

"रविवार सोडून."

पिलसुन खोलीत परत आली, नवऱ्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "अहो, घरी यायचं का?" चौदा महिन्यांत तिनं त्याला एवढं जोरात मान हलवताना पाहिलं नव्हतं.

मुलाला तिनं नंतरच कळवलं. तो चिडला, मग घाबरला, मग म्हणाला, "काही झालं तर मला म्हणायचं नाही." पिलसुन म्हणाली, "नाही म्हणणार."

मदतनीस बाईचं नाव गुमजू. वय पंचावन्न, आखूड कुरळे केस, हात धोबिणीसारखे. शेजारच्या खेड्यातली, नवरा गेलेला. स्वतःच्या सासूचं सात वर्षं केलं होतं, मग तेच काम शिकून प्रमाणपत्र घेतलं होतं. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा पिलसुननं पहाटेच उठून घर झाडून-पुसून ठेवलं होतं, नवऱ्याचं तोंड पुसून कपडे बदलले होते आणि चुलीवर डाळीच्या आंबवणाचं सूप ठेवलं होतं.

"आजी, हे सगळं तुम्ही केलंत? मग मी काय करू?"

"तुम्ही बसा. जेवा. पाहुण्या आहात."

"मी पाहुणी नाही हो."

"आमच्या घरात परक्या बाईला पाहुणीच म्हणतात," पिलसुन म्हणाली. त्या 'परक्या'वर तिनं जो जोर दिला तो गुमजूला बरोबर कळला.

पहिले पंधरा दिवस असेच गेले. गुमजूनं बादली उचलली की पिलसुन ती हातातून काढून घ्यायची. गुमजू पेज भरवायला बसली की पिलसुन म्हणायची, "यांना इतकी गरम चालत नाही." फुंकून दिली की म्हणायची, "इतकी गार चालत नाही." आंघोळीचं तर नावच काढू द्यायची नाही. शेवटी गुमजूला पाठवणाऱ्या सेवाकेंद्रातून फोन आला, की आजोबांच्या पाठीला पाणी लागलं पाहिजे, नाहीतर कातडी फुटेल. तेव्हा पिलसुननं मोठ्या कष्टानं वाट दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसून राहिली, पाठ आत, तोंड अंगणाकडं.

आतून पाण्याचा आवाज आला. मग गुमजूचा. "आजोबा, डावा हात माझ्या खांद्यावर. हां, असा. एक, दोन... बघा, उठलात की!"  आणि मग पानगिलचं हसणं. घोगरं, अर्ध्या तोंडाचं, पण हसणंच.

पिलसुन उठली आणि लसणाच्या वाफ्यात गेली. तण नव्हतं तिथंही उपटत बसली. अठ्ठावन्न वर्षं या माणसाची पाठ तिनं चोळली होती. होडीवरून खारट होऊन यायचा तेव्हा, बापाला पुरून आला तेव्हा, धाकटी पोर गेली तेव्हा. आता एक बाई येते, दरमहा पगार घेते आणि त्याला हसवते. शेजारची, बल्ग्यो गावाहून आलेली म्हातारी कुंपणापलीकडून म्हणाली, "काय गं, लसूणच उपटतेस की!" पिलसुननं हातात बघितलं. खरंच लसूण होता. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं हे खरं, पण त्या दिवशी दोष डोळ्यांचा नव्हता.

गुमजू निघताना वाफ्याशी आली. म्हणाली, "आजी, एक सांगू? आजोबा हसले ना, ते माझ्यामुळं नाही. मी विचारलं, लग्नात आजी कशा दिसत होत्या? तर म्हणाले, खेकड्यासारखी. रागानं लाल आणि तिरकी चालत होती."

पिलसुननं मान वर केली नाही. मुळांची माती झटकत म्हणाली, "जोडे चावत होते मला. म्हणून तिरकी."

दुसऱ्या दिवशी तिनं घर झाडून ठेवलं नाही.

त्यानंतर दिवसांना वळण लागलं. गुमजू नऊला यायची, एकला जायची. त्या चार तासांत पानगिल खाटेवरून खुर्चीत यायचा, खुर्चीतून ओसरीत. समुद्र दिसेल असा बसायचा. शब्द हळूहळू जुळू लागले होते. एका दुपारी पिलसुन त्याला वाळवलेलं पर्सिमन फळ बारीक करून भरवत होती. तिनं सहज म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी हात उचललात, म्हणून हे झालं. नाहीतर आज टेकडीवर असता, पोराच्या गावाला."

"माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तेशिक... दाराशी बोलत होता. नर्सशी. पहिला, दुसरा... तर टेकडी." दम घेत तो पुढं म्हणाला, "तिसरा... तर नाही."

पिलसुनचा चमचा हवेतच राहिला. "म्हणजे तुम्ही मुद्दाम? वार कोणता हेही माहीत होतं तुम्हाला?"

"सकाळी नर्सला विचारला. पाठ केला."

"आणि हात?"

"आठ दिवस... उचलत होतो. तू गेल्यावर."

ती त्याच्याकडं बघत राहिली. नेहमीच्या धुक्यातून त्याचा चेहरा तिला पुसट दिसत होता. मग तिनं त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "लबाड म्हातारा! मला सांगायचं नाही? मी दहा दिवस शिव्या दिल्या."

"सांगितलं असतं... तर तू घाबरली असतीस."

आणि ते खरंच होतं. तिला विचारलं असतं तर तीच म्हणाली असती, नको, मला झेपणार नाही.

जानेवारीत तो खोकू लागला. पिलसुनला तो थंडीचा खोकला वाटला. तिनं लिंबाच्या जातीचं युजा मधात घालून गरम पाणी दिलं. पण गुमजू रोज वहीत लिहायची, किती प्याला, किती खाल्लं, अंग किती तापलं. तिसऱ्या दिवशी वही बघून ती म्हणाली, "आजी, आज आजोबांनी निम्मंसुद्धा पाणी घेतलेलं नाही, आणि गिळताना ठसका लागतोय. आजच नेऊ या."

'नेऊ या' म्हटल्यावर पिलसुननं नवऱ्याची चादर गळ्यापर्यंत ओढली. एकदा आत गेला की पुन्हा चौदा महिने. पुन्हा पहिली बस, डबा, सहा खाटा. ती म्हणाली, "दोन दिवस बघू."

"दोन दिवसांनी न्याल तर दोन महिने राहावं लागेल," गुमजू म्हणाली. आवाज चढवला नाही, पण गाडीसाठी फोन फिरवला.

छातीत कफ साठायला नुकती सुरुवात झाली होती. सहा दिवस शिरेतून औषध चाललं. सातव्या दिवशी तेच डॉक्टर आले, तोच प्रश्न घेऊन. "बरे आहेत आता. घरी कोण आहे?"

पिलसुन म्हणाली, "मी आहे. आणि सकाळी गुमजू असते." बोलताना तिच्या लक्षात आलं की गेल्या वेळी ती फक्त पहिलं वाक्य बोलली होती.

"मग जा," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर सही केली.

पिलसुनला वाटलं होतं, या वयात आता इस्पितळ सुटलं. सुटलं ते नवऱ्याचं. तिचं सुरू व्हायचं होतं.

झालं असं, की गुमजूनं एका सकाळी गोळ्यांची डबी उघडली तर आदल्या दिवसाची रक्तदाबाची गोळी तशीच होती आणि झोपेच्या दोन संपल्या होत्या. तरीच पानगिल त्या सकाळी मान टाकून बसला होता. गुमजूनं त्याची नाडी बघितली, केंद्रातल्या नर्सला फोन करून विचारलं, आणि धोका नाही म्हटल्यावर पिलसुनसमोर येऊन उभी राहिली. तिनं दोन बोटं वर केली. "आजी, किती?"

"चेष्टा करतेस?"

"किती ते सांगा."

पिलसुननं डोळे बारीक केले. "तीन."

गुमजू खाली बसली. "आजी, तुम्ही यांचं सगळं करता. पण दिसत नसताना करता. एक दिवस उकळतं पाणी ओताल."

"मग काय करू? शहरात जायचं, एक रात्र राहायचं. यांच्याकडं कोण बघेल?" हे वाक्य तिच्या तोंडात इतकं मुरलेलं होतं की ते आपोआप आलं.

"सकाळी मी. बाकीचा वेळ तेशिक."

"तो? त्यानं जन्मात बापाचा मोजासुद्धा काढला नाही."

"मी शिकवीन की," गुमजू म्हणाली.

फोन पिलसुननं केला नाही, गुमजूनंच केला. काय बोलली देव जाणे, पण फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी तेशिक दोन दिवसांची रजा काढून आला. बावन्न वर्षांचा माणूस, टक्कल पडू लागलेलं, बापासमोर मात्र अजून शाळकरी पोरासारखा अवघडून उभा. पिलसुन बसची वाट बघत अंगणात बसली होती. दार उघडं होतं आणि आतलं ऐकू येत होतं.

"ओढू नका. हात काखेखालून घाला. तुमची छाती त्यांच्या छातीला लागली पाहिजे," गुमजू सांगत होती.

"असं?"

"अजून जवळ. बापच आहे तुमचा, चावणार नाही."

"आता... चावतो," पानगिलचा आवाज आला.

 मग तेशिक म्हणाला, "बाबा, किती हलके झालात हो तुम्ही."  पिलसुननं नाक पुसलं. बस आली तशी ती उठली आणि आत न डोकावताच निघून गेली. डोकावली असती तर गेली नसती.

शहरात, सुनचॉनच्या डॉक्टरांनी वीस मिनिटांत काम उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा समोरच्या परिचारिकेच्या अंगरख्याच्या गुंड्या तिला एकेक मोजता आल्या. परतताना बसमध्ये तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघत असल्यासारखं सगळं बघितलं. वाळत घातलेले समुद्रशेवाळाचे काळे चौकोन, त्यांच्या कडा, बांधावरचा बगळा.

घरी आली. उंबऱ्यावर थबकली. भिंतीवर कोळिष्टकं, चुलीमागं काजळी, चादरीवर डाग. "अगं बाई! अशा घरात मी माणसं बोलावते? गुमजू, तू काही म्हणाली कशी नाहीस?"

"म्हणाले असते तर तुम्ही मलाच हाकललं असतं," गुमजू म्हणाली.

मग पिलसुन खाटेशी गेली. पानगिलकडं बघितलं. इतके दिवस ती जो चेहरा पुसत होती तो तिच्या आठवणीतला होता. हा दुसराच होता. गाल आत गेलेले, कानाशी तपकिरी डाग, भुवया पांढऱ्या फटक, आणि हनुवटीवर ताजा छोटा काप. तेशिकनं दाढी केली होती.

"काय... बघतेस?" त्यानं विचारलं.

"म्हातारे झालात," ती म्हणाली. तिनं आपल्या बाहीचं टोक ओलं केलं आणि कापावरचं सुकलेलं रक्त हलकेच पुसलं.

पानगिल त्यानंतर दोन वर्षं जगला. त्या दोन वर्षांत तो फक्त आणखी एकदा इस्पितळात गेला, चार दिवसांसाठी. पिलसुनच्या फेऱ्या मात्र वाढल्या. दुसरा डोळा, मग दात, मग रक्तातली साखर. शेकाच्या खोलीतल्या बायका चिडवायच्या, "नवरा बाहेर आला आणि तू आत गेलीस!" ती म्हणायची, "इतकी वर्षं माझं दुखणं रांगेत उभं होतं. आता त्याचा नंबर लागलाय." पण गुडघ्यांसाठी नुसता शेक घ्यायला ती फारशी जाईना. तिथं घालवायचा तो वेळ आता ओसरीत जायचा, पानगिल आणि गुमजूबरोबर.

तो गेला मार्चमध्ये, सकाळी दहाच्या सुमाराला, खुर्चीत. गुमजू पाय धूत होती आणि पिलसुन पेज ढवळत होती. गुमजूनं हाक मारली नाही. पाय पुसले, पायमोजे चढवले, मग उठून चुलीपाशी आली आणि पिलसुनच्या हातातली पळी काढून घेतली. त्यावरूनच पिलसुनला कळलं.

दर्जा माणसाबरोबरच संपतो. दुसऱ्या दिवसापासून गुमजूचं यायचं कारण उरलं नाही. खाट न्यायला गाडी आली. आठवड्याभरात गुमजूला दुसरं घर मिळालं, खाडीपलीकडं, एक आंधळी म्हातारी.

एप्रिलमध्ये, एका रविवारी, गुमजू सुट्टीच्या दिवशी आली. हातात शिंपल्यांची पिशवी. दोघींनी मिळून त्या उकडल्या आणि ओसरीत बसून जेवल्या. पिलसुननं विचारलं, "ती म्हातारी कशी आहे?"

"खवट आहे. मला बादलीला हात लावू देत नाही."

"मग?"

"मग काय, बसते. जेवते. पाहुणी म्हणून."

पिलसुन हसली. मग म्हणाली, "गुडघ्याचं काय ते विचारायला मंगळवारी शहरात जायचंय मला. शस्त्रक्रिया करा म्हणतात. या वयात करावी का गं?"

"घरी कोण आहे, असं विचारतील," गुमजू म्हणाली.

"हो ना. काय सांगू?"

गुमजूनं एक शिंपली उघडून तिच्या भातावर ठेवली. "आधी डॉक्टर काय म्हणतात ते तर ऐकू. मंगळवारी माझं काम एकला संपतं. बसथांब्यावर थांबा, मी येते."